लोकल उभी, बस आडवी : मुंबई पूर्व-पश्चिम बसने ओलांडताना

रुळांपलीकडे
१४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.१०

मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण धावते. पश्चिम, मध्य, हार्बर, तिन्ही मार्ग उभे. घर भांडुपला आणि काम अंधेरीला असेल तर लोकलने जायचं म्हणजे आधी दादरपर्यंत खाली या आणि मग पुन्हा वर चढा. हा वळसा बेस्टची बस वाचवते. पण आडव्या प्रवासाची घडण समजून घेतली नाही तर त्याच बसमध्ये दीड तास जातो. म्हणून हा धागा.

बस अडकते कुठे? रूळ ओलांडायच्या जागी. रुळांवरून बस जाईल असे पूल मोजकेच आहेत, आणि एक बंद पडला की शेजारच्या दोघांवर त्याचा भार येतो. सायनचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून बंद आहे. प्रभादेवीचा (जुना एल्फिन्स्टन) यंदा १२ सप्टेंबरला बंद झाला, तिथे शिवडी-वरळी जोडरस्त्याचं काम आहे. त्याची सगळी वाहतूक आता दादरचा टिळक पूल आणि करी रोडचा पूल यांच्यावर आली आहे. अंधेरीचा गोखले पूल मात्र यंदा मेमध्ये पूर्ण उघडला. नोव्हेंबर २०२२ ला तो बंद झाल्यावर अंधेरीच्या बसगाड्यांचे कसे हाल झाले होते ते इथल्या अनेकांना माहीत आहे.

आता मुख्य मुद्दा. नकाशा समोर घ्या. पश्चिम रेल्वे डावीकडे, मध्य रेल्वे उजवीकडे. सायन-माहीमच्या वर या दोन मार्गांमध्ये एक मोठा पट्टा सुटतो. वांद्रे (पू), सांताक्रूझ (पू), अंधेरी (पू), जोगेश्वरी (पू), गोरेगाव (पू) ही त्याची डावी कड. कुर्ला (प), घाटकोपर (प), विक्रोळी (प), भांडुप (प), मुलुंड (प) ही उजवी. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), कलिना, विमानतळ, मरोळ, साकीनाका, सीप्झ (निर्यात उद्योगांचं क्षेत्र), पवई, आरे, सगळं या पोटात. या पट्ट्यातल्या पट्ट्यात फिरणाऱ्या बसला उपनगरी रेल्वेचा एकही पूल लागत नाही.

३१० क्रमांकाची बस हे त्याचं नमुनेदार उदाहरण. कुर्ला स्थानक (प) ते वांद्रे (पू), बीकेसीमधून. एका रेल्वेमार्गाच्या काठावरून दुसऱ्याच्या काठावर जाते, रूळ एकदाही ओलांडत नाही. ३३२ तशीच : कुर्ला (प) ते अंधेरी (पू). ४१५ तशीच : अंधेरी (पू) ते सीप्झ.

त्यामुळे नियम सोपा आहे. रूळ पायांनी ओलांडा, पट्टा बसने. तुम्ही घाटकोपर पूर्वेला राहता आणि तुम्हाला अंधेरी पश्चिमेला जायचं असेल, तर दोन्ही टोकांचे रूळ पादचारी पुलावरून चालत पार करा आणि बस फक्त मधल्या भागासाठी घ्या. दाराशी सोडणारी बस मिळाली तरी ती दोन्ही टोकांना पुलाच्या तोंडाशी उभी राहते. चालायला पाच-सात मिनिटं लागतात, आणि ती रोज तेवढीच लागतात. पुलाच्या रांगेत आज दहा गेली तर उद्या तीस जातील, सांगता येत नाही.

सायनच्या खाली मात्र हा पट्टा निमुळता होत दादरला जवळजवळ संपतो. तिथे पूल टळत नाही. त्याबद्दल खाली बोलू.

---

टप्पामोजणी
१४ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.२५

मधल्या पट्ट्याची मांडणी आवडली. पैशांच्या बाजूने तपासून बघितली.

९ मे २०२५ पासूनचे दर असे : ५ किमीपर्यंत साधी १० रुपये, वातानुकूलित १२. १० किमीपर्यंत साधी १५, वातानुकूलित २०. १५ किमीपर्यंत वातानुकूलित ३०. (त्याआधी २०१९ पासून पहिला टप्पा ५ आणि ६ रुपयांचा होता.) आता बहुतेक गाड्या वातानुकूलित मिळतात म्हणून हिशेब त्यांचाच करतो.

समजा घर ते ऑफिस ९ किमी. एकच बस घेतली तर २० रुपये. मध्ये उतरून, पूल चालून, पलीकडे दुसरी घेतली आणि दोन्ही तुकडे ५ किमीच्या आत बसले तर १२ अधिक १२, म्हणजे २४. जास्तीचे फक्त ४ रुपये. अंतर १३ किमी असेल तर सरळ बसचे ३०, आणि ४ अधिक ९ असे तुकडे पाडले तर १२ अधिक २०, म्हणजे ३२. तुकडे ६ अधिक ७ पडले तर मात्र २० अधिक २०, ४० होतात. तेव्हा तोडायचंच असेल तर एक तुकडा ५ च्या आत राहील अशा जागी तोडा.

अंतर मार्गावरून मोजतात, नकाशावरच्या सरळ रेषेने नाही. टप्प्याच्या काठावर असाल तर एक थांबा आधी उतरून ८ किंवा १० रुपये वाचतात.

पादचारी पूल कुणाचा आहे तेही बघा. महापालिकेचा, स्टेशनबाहेरून जाणारा पूल असेल तर तिकीट लागत नाही. फलाटावर उतरणारा रेल्वेचा पूल असेल तर पास, तिकीट किंवा १० रुपयांचं फलाट तिकीट हवं. ते १० धरले की वरचं गणित बिघडतं.

---

सिंगल बेल
१४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.४०

पाट्यांबद्दल लिहितो, कारण नवीन माणूस चुकतो तो इथेच.

बेस्टच्या पाटीवरची नावं आणि तोंडातली नावं वेगळी असतात. सायन शोधणाऱ्याला पाटीवर राणी लक्ष्मीबाई चौक दिसतो. अंधेरी (पू) म्हणजे आगरकर चौक. चर्चगेट म्हणजे अहिल्याबाई होळकर चौक. दादर टीटी म्हणजे खोदादाद सर्कल. किंग्ज सर्कल म्हणजे माहेश्वरी उद्यान. फाउंटन म्हणजे हुतात्मा चौक. रीगल-म्युझियमचा भाग म्हणजे श्यामाप्रसाद मुखर्जी चौक. ताडदेव म्हणजे वसंतराव नाईक चौक. ही आठ पाठ केली की निम्म्या पाट्या वाचता येतात.

क्रमांकांना एक ढोबळ रीत आहे. दोनशेच्या आतले शहराकडचे, दोनशेचे पश्चिम उपनगरातले, तीनशेचे पूर्व उपनगरातले, चारशेचे पूर्व-पश्चिम जोडणारे, पाचशेचे नवी मुंबईकडे जाणारे. ३१० आणि ३३२ तीनशेच्या घरात असूनही आडव्या जातात, तेव्हा याला नियम समजू नका, अंदाज समजा. क्रमांकाआधी 'ए' असेल तर गाडी वातानुकूलित. 'मर्यादित' लिहिलेलं असेल तर ती मोजक्या थांब्यांवर थांबते. मधल्या छोट्या थांब्यावर उतरायचं असेल तर तिच्यात चढू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं : क्रमांक बघून चढू नका, गंतव्य वाचा. उशीर भरून काढायला फेरी शेवटच्या थांब्याआधीच संपवतात, किंवा पाळी संपत आली की गाडी आगाराकडे वळते. क्रमांक तोच, शेवटचा थांबा वेगळा. दुपारी पाळी बदलताना हे जास्त होतं.

उतरताना : बेस्टमध्ये एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. वाहक नसलेल्या गाडीत खांबावर बटण असतं, ते आधीचा थांबा सुटताच दाबा. गर्दीत दोन थांबे आधी दाराकडे सरका. चढायचं दार गाडीच्या प्रकारावर अवलंबून असतं. दारावर लिहिलेलं असतं, ते वाचा आणि उतरणाऱ्यांना आधी वाट द्या. दाराशी तुंबलेल्या माणसांमुळे प्रत्येक थांब्यावर गाडी अर्धा मिनिट गमावते.

---

खिडकीची सीट
१४ नोव्हेंबर २०२५, दुपारी १.०५

प्रश्न आहे. २० मिनिटं बस येत नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन लागोपाठ येतात. चालक मुद्दाम एकत्र चालवतात का? आणि अशा वेळी पहिलीत चढावं की दुसरीत?

---

टप्पामोजणी
१४ नोव्हेंबर २०२५, दुपारी २.३०

मुद्दाम नाही. साधं गणित आहे, मांडून दाखवतो.

वेळापत्रकात दर १० मिनिटांनी बस आहे. थांब्यावर मिनिटाला ३ माणसं येतात. एकाला चढायला ३ सेकंद लागतात. वेळेवर आलेल्या बसला ३० माणसं मिळतात आणि ती ९० सेकंद थांबते.

आता एक बस सिग्नलला अडकून ४ मिनिटं उशिरा आली. तिच्यासाठी १४ मिनिटांची माणसं साठली, म्हणजे ४२. ती १२६ सेकंद थांबते, ३६ सेकंद जास्त. मागची बस वेळेवर आहे, म्हणजे ती हिच्यामागे ६ मिनिटांनीच पोचते. तिला १८ माणसं मिळतात, ५४ सेकंदांत ती मोकळी होते. तीही ३६ सेकंद पुढे आली. एकाच थांब्यावर दोघींमधलं अंतर ७२ सेकंदांनी घटलं. पुढच्या थांब्यावर पहिलीला आणखी जास्त माणसं, दुसरीला आणखी कमी. हा फरक असा वाढत जाऊन चौथ्या थांब्यावर त्या एकमेकींना चिकटतात.

या दुष्टचक्राचा वेग चढण्याच्या वेळेवर ठरतो. म्हणून सुटे पैसे हातात ठेवून चढणारा प्रवासी पुढच्या सगळ्या थांब्यांवरच्या लोकांना मदत करत असतो. १२ रुपयांच्या तिकिटाला दहाचं आणि दोनचं नाणं खिशात वेगळं ठेवा. ५० ची नोट दिली की वाहक सुट्यांसाठी दोन-चार जणांना विचारतो आणि वेळ जातो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : दुसरीत चढा, पण तिचं गंतव्य वाचूनच. जोडीतली मागची गाडी जवळजवळ रिकामी असते. आधीच संपवायची फेरीही बहुधा तिचीच असते.

---

रुळांपलीकडे
१४ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.१५

याला जोडून ॲपबद्दल. 'चलो'मध्ये बस दिसते त्या दोन प्रकारच्या असतात : जिचं ठिकाण प्रत्यक्ष उपग्रहावरून येतंय ती, आणि जिची वेळ फक्त वेळापत्रकातून उचललेली आहे ती. दुसरीवर विसंबून घरातून निघू नका. पहिलीतही सुरुवातीच्या थांब्यावर उभी असलेली गाडी फसवते. ती नकाशावर दिसते, पण सुटायची वेळ झालेली नसते किंवा वाहक यायचा असतो. ठिपका हललेला दिसला की मगच हिशेब धरा.

ॲपमधलं तिकीट रांगेत असतानाच काढून ठेवा, गाडीत नेटवर्क मिळेलच असं नाही. तरी २०-३० रुपये रोख जवळ हवेतच. काही मार्गांवर वाहक गाडीत नसतो, थांब्यावर उभा राहून तिकीट देतो. अशा थांब्यावर तिकीट न घेता गाडीत शिरलात तर आत ते देणारं कुणी नसतं. आणि ते तिकीट उतरेपर्यंत जपा, उतरायच्या ठिकाणी तपासतात.

---

पवईचा उतार
१४ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ७.२०

मधल्या पट्ट्यातले आडवे रस्ते वेगवेगळ्या स्वभावाचे आहेत, ते एकेक सांगतो. दक्षिणेकडून वर जाऊ.

बीकेसी. इथे सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ हीच खरी परीक्षा. सकाळी कुर्ल्याहून ३१० मध्ये बसायला जागा हवी असेल तर स्थानकापासूनच चढा. पण स्थानक रस्ता अरुंद, रिक्षा आणि फेरीवाल्यांनी भरलेला असतो. तिथून बाहेर पडायलाच गाडीला वेळ लागतो. घाई असेल आणि उभं राहायची तयारी असेल तर साधारण अर्धा किलोमीटर चालत एल.बी.एस. (लाल बहादूर शास्त्री) मार्गावर या आणि तिथे धरा. संध्याकाळी उलट. बीकेसीच्या मधल्या थांब्यांवर पोचेपर्यंत गाडी भरलेली असते, तेव्हा तुमच्या दिशेच्या मागचा एखादा थांबा चालत गाठा. दोन थांबे मागे गेलं की चित्र बदलतं, कारण मोठ्या इमारतींचे लोंढे त्या दोन थांब्यांवरच चढतात.

मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे (९ ऑक्टोबरपासून) आणि तिचं बीकेसी स्थानक आहे. दक्षिणेकडून, म्हणजे दादर-वरळीकडून येणाऱ्यांनी आता वांद्र्याला उतरून बस धरायचं कारण उरलं नाही. मध्य रेल्वेवाल्यांना मात्र कुर्ला आणि ३१० हाच सरळ रस्ता. घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने खाली बीकेसी, असंही जाता येतं. भाडं जास्त आणि वळसा मोठा, पण पावसात हाच भरवशाचा.

अंधेरी-कुर्ला रस्ता. ३३२ चा रस्ता. साकीनाका आणि मरोळ नाका ही दोन जीवघेणी जंक्शनं. घाटकोपर ते अंधेरी जायचं असेल तर बसचा विचारही करू नका, २०१४ पासून वर मेट्रो १ आहे. पण मेट्रो असल्फ्यावरून घाटकोपरकडे वळते, कुर्ल्याला जात नाही. साकीनाक्याच्या दक्षिणेकडे ज्यांचं काम आहे त्यांच्यासाठी ३३२ ला पर्याय नाही. अंधेरीहून कुर्ल्याला जाणाऱ्यांनी साकीनाक्यापर्यंत मेट्रो आणि पुढे बस असं केलं तर दोन्ही जंक्शनं डोक्यावरून पार होतात. मेट्रोचं भाडं वेगळं पडतं, वेळ मात्र नक्की वाचतो.

सीप्झ. अंधेरी (पू) हून ४१५. साध्या डबलडेकरची शेवटची फेरी याच मार्गावर १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, इतकी इथली गर्दी जुनी आणि पक्की. आता मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने दोन स्थानकं वर सीप्झ असा पर्याय आहे. सकाळी मी लोकांना तोच सुचवतो. दुपारी १२ ते ४ मध्ये मात्र ४१५ स्वस्त आणि पुरेशी जलद.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. जोगेश्वरी (पू) हून सीप्झ, पवई, आयआयटी करत गांधीनगर. रस्ता रुंद आहे, पण मेट्रो ६ चे खांब मध्ये उभे राहिल्यापासून थांबे मागेपुढे सरकले आहेत. इथे 'थांबा इथे होता' या आठवणीवर जाऊ नका, ॲपमध्ये आजचा थांबा बघा. आणि रस्त्याच्या बरोबर बाजूला उभे राहा. मधल्या कठड्यामुळे समोरची बस दिसली तरी धावत ओलांडता येत नाही, आणि येऊही नये.

आरेतून गोरेगाव (पू) ते पवई-मुलुंडकडे जाणाऱ्या बस कमी आहेत. त्या चुकल्या तर पुढची बराच वेळ नसते. फेरीची वेळ बघूनच निघा.

---

खिडकीची सीट
१४ नोव्हेंबर २०२५, रात्री ८.०५

शेअर रिक्षाचं काय? बीकेसीला तर बसपेक्षा त्याच जास्त दिसतात.

---

पवईचा उतार
१४ नोव्हेंबर २०२५, रात्री ८.४०

अधिकृत स्टँडवरची, तीन प्रवासी घेणारी शेअर रिक्षा असेल तर जरूर घ्या. रांग पटकन सरकते. चालकाच्या शेजारी चौथा बसवणारी घेऊ नका. अपघातात सगळ्यांत आधी तोच बाहेर फेकला जातो. मीटरची रिक्षा एकट्याला परवडत नाही : फेब्रुवारीपासून पहिल्या दीड किलोमीटरलाच २६ रुपये. तेवढ्यात वातानुकूलित बसचा ५ किमीचा प्रवास दोनदा होतो.

---

रातराणी
१५ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८.५०

पास घ्यावा का, यावर कुणी लिहिलं नाही. दिवसाचा ७५ आणि महिन्याचा १,८०० ना आता?

---

टप्पामोजणी
१५ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.३०

हो. दिवसाचा पास १२ रुपयांच्या ७ फेऱ्या किंवा २० रुपयांच्या ४ फेऱ्या केल्या तरच वसूल होतो. एका दिवसात पाच-सहा ठिकाणी फिरायचं काम असेल, वसुलीचं किंवा डिलिव्हरीचं, तर डोळे मिटून घ्या.

महिन्याचा : २६ कामाचे दिवस धरले तर रोजचे ६९ रुपये पडतात. जाता-येता दोन-दोन छोट्या बस म्हणजे रोज ४८, महिन्याचे १,२४८. पास घेतला तर तोटा. रोज २० रुपयांच्या चार बस लागत असतील तर ८०, महिन्याचे २,०८०. मग पास घ्यावा. लोकलचा पास आणि शेवटचा एक बसचा तुकडा, अशी ज्यांची रचना आहे त्यांनी मासिक बसपास घेऊच नये.

---

सिंगल बेल
१५ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२.१५

दादरच्या खालच्या भागाबद्दल सुरुवातीला लिहायचं राहिलं होतं, ते घेतो. इथे मधला पट्टा नाही, दोन्ही रेल्वे एकमेकींना खेटून आहेत. प्रभादेवीचा पूल बंद झाल्यापासून वरळी-प्रभादेवीकडून परळच्या रुग्णालयांकडे जाणाऱ्यांची सर्वांत जास्त ओढाताण होते. केईएम आणि टाटा दोन्ही रुळांच्या पूर्वेला आहेत.

चालता येत असेल तर पश्चिमेकडच्या बसने प्रभादेवी स्थानकाजवळ उतरा, परळ-प्रभादेवीच्या पादचारी पुलाने पूर्वेला या, पुढे चालत किंवा बसने. रुग्ण बरोबर असेल किंवा जिना जमत नसेल तर हा मार्ग धरू नका. तेव्हा टिळक पुलावरून जाणारी बस घेऊन दादर (पू) ला या आणि तिथून परळकडे दुसरी. सकाळच्या तपासणीची वेळ असेल तर पूर्वीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी निघा, टिळक पुलावर आता दोन पुलांची गर्दी आहे.

पावसाळ्याची एक गोष्ट आताच नोंदवून ठेवतो. हिंदमाता, गांधी मार्केट आणि सायन रोड नंबर २४ इथे पाणी भरलं की बस वळवतात. हिंदमात्याला गाडी खालून न जाता उड्डाणपुलावरून जाते, म्हणजे पुलाखालच्या थांब्यावर ती येतच नाही. तिथे पाण्यात उभे राहून वाट बघणारे दरवर्षी दिसतात. पाणी चढायला लागलं की पूल संपतो त्यापुढच्या थांब्यापर्यंत चालत जा. अंधेरी सबवे आणि मिलन सबवे बंद झाले की त्या बाजूच्या गाड्या गोखले पूल किंवा मिलन उड्डाणपुलावरून जातात, तेव्हा सबवेच्या दोन्ही तोंडांचे थांबे सोडून द्या.

---

भांडुपकर
१५ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६.३०

उपयुक्त धागा. एक विचारतो. भांडुप (प) ते वांद्रे (पू) सरकारी कार्यालयात, ज्येष्ठ नागरिक, गुडघ्यांमुळे जिना अजिबात चढता येत नाही. लोकलमध्ये कुर्ल्याला किंवा दादरला पूल टळत नाही. टॅक्सीशिवाय काही?

---

रुळांपलीकडे
१५ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.००

तुमच्याच प्रवासाला मधला पट्टा सर्वांत जास्त कामी येतो. भांडुप (प) आणि वांद्रे (पू) दोन्ही त्याच्या आत आहेत, म्हणजे रूळ एकदाही ओलांडायचे नाहीत आणि जिना एकही नाही.

भांडुपला एल.बी.एस. मार्गावर कुर्ल्याकडे जाणारी बस घ्या. अंतर दहा किलोमीटरच्या वर जातं, म्हणून वातानुकूलितला ३० रुपये धरा. चढतानाच वाहकाला सांगा, "पुढे ३१० घ्यायची आहे, तिचा थांबा पडेल तिथे उतरवा." कुर्ला स्थानकापर्यंत आत जाऊ नका. तिथल्या गर्दीत गुडघेदुखीच्या माणसाला उभं राहणं कठीण. थांब्यावर ३१० वांद्रे दिशेची आहे ना ते वाचून घ्या, तीच बस उलट दिशेने कुर्ला स्थानकाकडेही जाते. भाडं १२ किंवा २०, तुम्ही कुठे चढता त्यावर.

वेळ निवडता येत असेल तर भांडुपहून साडेअकराच्या पुढे निघा आणि परतीला चारच्या आत ३१० धरा. त्या वेळेत बसायला जागा मिळते. ज्येष्ठांच्या सीटवर पाटी असते, कुणी बसलं असेल तर वाहकाला सांगा, तो उठवतो. बारा मीटरच्या विजेच्या गाड्यांचा तळ खाली असतो, पायरी उंच पडत नाही. दोन गाड्या लागोपाठ येताना दिसल्या तर तशी निवडा. आणि चालकाला हात दाखवून गाडी कडेला लावायला सांगा. रस्त्याच्या मध्ये थांबलेल्या गाडीत चढताना फूटपाथ सोडून खाली उतरावं लागतं, आणि गुडघ्याला खरा त्रास त्या एका पायरीचा होतो.